फौजी माणूस ठिकाण लिहीत नाही

सांगली,
ता. ४ मार्च १९७४

ति. दादास,
अंजनाचे शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पावलं. आबा दोन वेळा भाकरी खातात, अंगणात हिंडतात आणि मला अजून ‘सांगलीच्या नर्सबाई’च म्हणतात, हे वाचून हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मुलीला विसरले तरी मुलीची नोकरी विसरले नाहीत, एवढ्यावर सध्या समाधान मानते.

आता कामाचं. हे हळदीच्या सौद्यासाठी साताऱ्याला येत आहेत, त्यांच्याजवळ गोळ्यांच्या बाटल्या दिल्या आहेत. नाव पिरासिटॅम. आमच्या डॉक्टरांचा पुतण्या बेल्जममध्ये शिकतो, त्यानं पाठवलं. हे कुठल्या झाडपाल्याचं औषध नाही, सगळं प्रयोगशाळेत जुळवून केलेलं आहे. डॉक्टर म्हणतात, झटका आल्यावर मेंदूचा काही भाग मरतो आणि काही नुसता पेंगत पडतो. पेंगणाऱ्या भागाला रक्तातला प्राणवायू नीट घेता यावा म्हणून ही गोळी, असं तिकडचे लोक मानतात. खात्री कुणालाच नाही. झोपलेल्याला हाक मारावी तसं आहे, तो उठेलच असं नाही. दिवसातून तीन वेळा, पोटात अन्न असताना दे. झोप कमी होईल, चिडचिड होईल, भूक वाढेल. एका वहीत रोजचं लिहून ठेव.

एक गोष्ट मात्र मला डाचते आहे. मी डॉक्टरांना विचारलं, आठवणी परत आल्या तर हव्या तेवढ्याच येतील का. ते म्हणाले, सिस्टर, आठवणी चाळून येत नसतात.

आपल्या जोतीरामाला जाऊन सव्वादोन वर्षं झाली. लढाईवरून तार आली, तिसऱ्या महिन्यात आबांना झटका आला आणि त्यात ती तारच पुसली गेली. मग ते रोज विचारू लागले, जोतीरामाचं पत्र आलं का. आपण खरं सांगितलं. ते ऊर बडवून रडले, थकून झोपले आणि सकाळी उठून पुन्हा तेच विचारलं. तीन वेळा आपण सांगितलं, दादा. तीन वेळा आपल्या घरात जोतीराम गेला. चौथ्या वेळी आईनं आपल्यापुढं हात जोडले, आणि तेव्हापासून दर महिन्याला त्याच्या नावानं मी लिहिते आणि तू वाचून दाखवतोस.

आबांचं डोकं जागं झालं तर पहिल्यांदा काय जागं होईल, ह्या भीतीनं मी त्या बाटल्या दोनदा पिशवीतून काढून ठेवल्या. पण ज्याला स्वतःचं घर परकं वाटतं त्याला तसंच ठेवणंही मला जमेना. तुला पटत नसेल तर देऊ नकोस.

ह्या महिन्याचं जोतीरामाचं पत्र सोबत आहे. त्याला लेहला बर्फात पाठवला आहे. वर्णन डॉक्टरांच्या खोलीतल्या एका मासिकातून उचललं, बाहेर बोलू नकोस.

कळावे. लोभ आहेच, त्यात गोळ्यांच्या वेळांची भर घालावी.

तुझी,
अंजना


रहिमतपूर,
ता. २८ मार्च १९७४

चि. सौ. अंजनास,
मानसिंगचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गोळ्या सुरू केल्या. तुझ्या आज्ञेप्रमाणे वही घातली. पहिले दहा दिवस ‘काही नाही’, ‘काही नाही’ एवढंच लिहिलं. तुझी शालूवहिनी म्हणाली, एवढं लिहायला वही कशाला नासवताय, भिंत होती की.

अकराव्या दिवशी आबांना भूक लागली. दोन भाकरीचा माणूस चारवर गेला. पाचवी मागितली तेव्हा शालूनं मला हळूच विचारलं, की ही गोळी डोक्याची आहे का पोटाची, तेवढं नणंदबाईंना विचारा.

मग स्वप्नं सुरू झाली. आबा सकाळी चहाला बसतात आणि स्वप्न असं सांगतात की जणू आत्ताच तिकडून जाऊन आले. परवाचं जसंच्या तसं लिहितो. म्हणाले, “तुरं आल्याला ऊस चालत चालत अंगणात आला बग. तुऱ्याचं बरफ झालं. त्या बरफातनं मेंढरं निगाली ती सोप्यात शिरली, पर पायाचा आवाज म्हनून न्हाई.” मी म्हटलं, मग. तर म्हणाले, “मग काय, मेंढरं भिताडातनं पल्याड गेली अन् मी हितंच ऱ्हायलो.” एवढं बोलून त्यांनी बशीतला चहा संपवला आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसले. तोंडावर दुःख नव्हतं. गावाला जायची गाडी चुकलेल्या माणसासारखे दिसत होते, एवढंच.

मेंढरं स्वप्नात येतात ह्यात नवल नाही. जतचा आप्पासो दरसालाप्रमाणे कळप घेऊन आला आहे. ऊस निघालेल्या खालच्या रानात त्याची मेंढरं बसवली आहेत. खत आपल्याला, जोंधळा त्याला, हे आबांच्या तरुणपणापासून चालत आलेलं. दोघं म्हातारे बांधावर शेजारी शेजारी बसतात. काय बोलतात देव जाणे, मी गेलो की गप्प होतात.

जोतीरामाचं पत्र वाचून दाखवलं. आबांनी ऐकलं. आईनं पिठाचे हात परातीत तसेच ठेवून ऐकलं. मला वाचताना मधेच खोकला येतो. गुऱ्हाळाचा धूर छातीत बसला असावा.

एक कबुली. मी स्वतः दोन गोळ्या खाऊन पाहिल्या. दोन दिवस डोळ्याला डोळा लागला नाही, आणि आठवलं काय, तर चौथीतला दीडकीचा पाढा, आणि तू माझी विटी विहिरीत टाकली होतीस ते. बाकी डोकं होतं तसंच आहे, असं शालू म्हणते.

कळावे. राग यायचाच असेल तर पत्र संपल्यावर यावा, ही विनंती.

तुझा दादा,
मानसिंग


सांगली,
ता. १४ एप्रिल १९७४

ति. दादास,
शि. सा. न. वि. वि.

राग पत्र संपायच्या आधीच आला. निरोगी माणसानं पुढ्यात आलं म्हणून औषध खाऊ नये. ह्या गोळीनं शहाण्याचा जास्त शहाणा होतो असं डॉक्टरांनाही अजून कुठं वाचायला मिळालेलं नाही, आणि तू तर कुठून सुरुवात करणार होतास. विटी मी नाही, ती जोतीरामानं टाकली होती. माझ्या नावावर खपवली.

वहीची नक्कल डॉक्टरांना वाचून दाखवली. स्वप्नांचं ऐकून ते खूश झाले. म्हणाले, मेंदू पडल्या पडल्या कूस बदलतो आहे. पण लगेच असंही म्हणाले, की हे गोळीनं होतंय, उन्हाळ्यानं होतंय, की मेंढरांजवळ बसून होतंय, हे एका माणसावरून सांगता येत नाही. मला ते आवडलं. फार खात्रीनं बोलणारा डॉक्टर मला नको वाटतो.

दादा, तुला एक सांगू का. महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी, हे झोपलेले असतात तेव्हा मी जोतीरामाचं पत्र लिहायला बसते. ह्यांचे बाजारातले कपडे दोरीवर असतात, वारा आला की खोलीभर हळद उडते आणि ऊनसुद्धा पिवळं दिसतं. पहिली ओळ माझी असते. पुढच्या ओळी तोच सांगतो. मागच्या खेपेला मी लिहिणार होते की थंडी फार आहे, आणि हातानं लिहिलं, ‘आई, इथं पहाटे सगळं एवढं गप्प असतं की मला तुझ्या जात्याची घरघर ऐकू येते.’ मला असं लिहिता येत नाही. तुला माहीत आहे, माझे निबंध कसे असायचे.

पत्र लिहून झालं की मी पाच मिनिटं पेनाचं टोपण लावत नाही. तो अजून काही म्हणेल असं वाटतं. नर्स असून असं लिहिते आहे, हसू नकोस.

एप्रिलचं पत्र सोबत. लेहच्या बाजाराचं वर्णन आहे. वहीत झोपेचे तास लिहीत जा.

कळावे. खोकल्यावर आल्याचा रस घ्यावा आणि माझ्यावर विटीचा आळ घेऊ नये.

तुझी,
अंजना


रहिमतपूर,
ता. ९ मे १९७४

चि. सौ. अंजनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी गोड बातमी. परवा आबा शेवग्याखाली बसले होते. शालूनं शेंगा काढायला आकडी लावली, तर म्हणाले, “दोन जुड्या बाजूला ठिव, अंजीला आवडत्यात.” शालू आकडी टाकून पळत रानात मला सांगायला आली. मी आलो तर म्हणाले, काय झालं एवढं धावायला, पोरीचं नाव घ्यायची चोरी आहे का. पोस्टानं शेंगा पाठवता येत नाहीत म्हणून नुसती बातमी पाठवतो.

त्यानंतर बांध फुटावा तसं झालं आहे. शेतांची नावं, बैलांची नावं, पलटणीतला स्वतःचा नंबर, सगळं येतं आहे. इटलीची स्वप्नं पडतात. एका डोंगरावरच्या गावातल्या म्हातारीनं त्यांना ओंजळभर द्राक्षं दिली होती, तिची चोळी कुठल्या रंगाची तेही सांगतात. मी म्हटलं तिकडं चोळी घालत नाहीत, तर माझ्यावरच डाफरले. चिडचिड वाढली आहे हे खरं. झोप चार तास. पहाटे उठून आप्पासोच्या मेंढरांत जाऊन बसतात. आप्पासो म्हणतो, “ऱ्हाऊ द्या की, मेंढरं वळखत्यात त्यास्नी.”

डोकं किती तल्लख झालं आहे त्याचा मासला देतो. तुझं, म्हणजे जोतीरामाचं, एप्रिलचं पत्र वाचून झालं. आबा डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, “जोत्याला लिवून टाक, ठिकानाचं नाव लिवत जाऊ नगंस म्हनावं. फौजी मानूस ठिकान लिवत न्हाई. नुसतं छप्पन एपीओ, फौजेच्या टपालाचा नंबर. सेन्सॉरवाला काळं फासंल.” बघ, तीस वर्षांपूर्वीचे नियम पाठ. मग पत्र हातात घेतलं, नाकाजवळ नेलं, आणि पुन्हा एकदा वाचायला लावलं. आईला म्हणाले, “जरा हिकडं सरकून बस, ऐकू यायचं न्हाई तुला.” आईला तर सगळं ऐकू येतं.

आप्पासो ह्या महिनाअखेर जतला परतणार. त्याच्या नातवाचं बारसं आहे.

कळावे. तुझ्या डॉक्टरांना आमच्या शेवग्याचा नमस्कार सांगावा.

तुझा दादा,
मानसिंग


सांगली,
ता. १५ मे १९७४

ति. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ड्यूटीवर वाचलं आणि हातातली थर्मामीटरची डबी खाली ठेवावी लागली. शेवग्याच्या शेंगांनी आधी रडवलं. मग ते सेन्सॉरचं वाक्य वाचलं. तू ते मासला म्हणून लिहिलंस आणि पुढं गेलास.

दादा, जोतीरामानं सहा वर्षांच्या नोकरीत कधी गावाचं नाव लिहिलं होतं का? त्याची जुनी पत्रं माझ्याजवळ आहेत, मी घरी येऊन सगळी काढून पाहिली. एकातही नाही. आणि मी वेडी मासिकातला बाजार उतरवत बसले. ज्या माणसानं चार वर्षं लढाईवरून पत्रं पाठवली, त्याला हे कळणार नाही? पत्र नाकाजवळ नेलं म्हणतोस. त्याला हळदीचा वास येत असणार. लेहला कुठली हळद?

कदाचित त्यांना नुसती चूक दिसली असेल, पत्र खोटं आहे हे नव्हे. कदाचित सगळंच कळलं असेल आणि ते एकटे ते घेऊन बसले असतील. ह्या दुसऱ्याची मला जास्त भीती वाटते. गोळ्या बंद कराव्या का? डॉक्टर म्हणाले, उरलेल्या जुलैपर्यंत पुरतील, पुन्हा मिळतील असं नाही, आणि ठरवायचं ते घरच्यांनी. मी रोज दुसऱ्यांच्या घरच्यांना धीर देते आणि आपल्या घरचं मला ठरवता येत नाही.

तू आईला विचार. आपण दोघं शहाणे झालो, पण तिला कुणी विचारलं नाही. मेचं पत्र मी लिहिलेलं नाही. तिचं उत्तर आल्यावर लिहीन.

कळावे. ह्या खेपेला लोभापेक्षा उत्तर लवकर पाठवावे.

तुझी,
अंजना


रहिमतपूर,
ता. ६ जून १९७४

चि. सौ. अंजनास अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण आईला विचारायला मला आठ दिवस लागले. शेवटी ती गोठ्यात धार काढत होती तेव्हा विचारलं. म्हशीकडे तोंड करून तिनं सांगितलं, ते थांबत थांबत लिहितो.

ती म्हणाली, “म्हैन्याचा एक दिस माजा जोत्या जित्ता असतो. त्यो एक दिस तरी ठिवा मला.” पत्र वाचून झालं की ती ते नेऊन जुन्या लुगड्याच्या घडीत ठेवते. आपल्याला वाटत होतं हे सगळं आबांसाठी चाललं आहे. हळदीच्या वासाचं तिला कधीच कळलं आहे. म्हणाली, “लगीन ठरल्यालं पोराचं. हळद काय लागली न्हाई. कागदाला तरी लागली.”

गोळ्यांचं मात्र तिनं स्पष्ट सांगितलं, बंद करा. ती तार त्यांना पुन्हा वाचावी लागली तर तिच्यानं बघवणार नाही. त्याच दिवशी तिनं उरलेली बाटली नेऊन मिठाच्या रांजणामागं ठेवली.

आता खरी अडचण. परवा मी सहज बाटली उचलली तर हलकी लागली. आई देत नाही, शालू देत नाही, आणि मला तर तू तंबीच दिली आहेस. काल दुपारी मी सोप्यात पडलो होतो. आबा पायाचा आवाज न करता स्वयंपाकघरात गेले, भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि रांजणामागं हात घातला. पोटात अन्न असताना घ्यायची, हेही त्यांच्या लक्षात आहे. मी डोळे मिटून पडून राहिलो. जाताना त्यांनी माझ्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

मी आईला सांगितलं नाही. तुला सांगतो आहे. अंजे, ते काय करताहेत? ज्याला विसर पडलाय तो माणूस आठवण चोरून का खाईल?

तोवर मेचं पत्र पाठव. आई रोज पोस्टमनच्या वेळेला दारात झाडायला येते.

कळावे. लोभ काय, तो आता तूच आम्हा सगळ्यांवर कर.

तुझा दादा,
मानसिंग


रहिमतपूर,
ता. ८ जुलै १९७४

चि. सौ. अंजना ऊर्फ सांगलीच्या नर्सबाई हिस,
नाथाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उजवा हात अजून लटपटतो, म्हणून अक्षर मुंग्यांसारखं आहे. दोन वर्षांत हे पहिलं पत्र. पोस्टात मी स्वतः टाकतो आहे, मानसिंगला माहीत नाही.

मला ठाऊक आहे. चैत्री पुनवेच्या सुमारास कळलं. स्वप्नात ती मेंढरं पुन्हा सोप्यात आली. त्यांच्या मागनं जोतीराम आला. वर्दी नव्हती, घरचं धोतर होतं. मी विचारलं, पोस्टिंग कुठं आहे. तो हसला आणि बोलला नाही. फौजी माणूस ठिकाण सांगत नाही. मेंढरं भिंतीतनं पलीकडं गेली, त्यांच्याबरोबर तोही गेला. जागा झालो तेव्हा कळलं होतं. ओरडलो नाही. तुझी आई शेजारी झोपली होती.

सकाळी आप्पासोकडे गेलो. म्हटलं, गड्या, खरं सांग. त्यानं सांगितलं. मला तीन वेळा सांगितलं होतं आणि मी तीन वेळा रडून विसरलो होतो, हेही त्यानंच सांगितलं. पोरी, मला त्या तीन वेळा आठवत नाहीत. तुझ्या आईला तिन्ही आठवतात. हे ऐकून मला जेवढी लाज वाटली तेवढी कधी वाटली नव्हती. मी आरामात विसरलो आणि तिनं दोघांचं वाहिलं.

पत्रं तू लिहितेस हे पहिल्याच वासाला ओळखलं. बोललो नाही, कारण मानसिंग पत्र वाचताना मी मनूचं, तुझ्या आईचं, तोंड बघितलं. त्या तोंडापुढं मला खरं बोलता येईना.

मग तिनं गोळ्या लपवल्या. चोवीस वर्षांच्या नोकरीत पलटणीतली सुई उचलली नाही, ती चोरी म्हातारपणी घरात केली. झोप येत नाही, डोकं भणभणतं, पण घेतो. मी विसरलो की सकाळी पुन्हा पत्र आलं का विचारणार, आणि ती पुन्हा एकटी पडणार. म्हणून घेतो. आता बाटलीत नऊ उरल्या आहेत. त्या संपल्यावर डोकं राहील की जाईल, ते तुझे डॉक्टरही सांगणार नाहीत. जागा आहे तोवर एक काम उरकायचं आहे. मनूला माझ्या तोंडानं सांगायला दहा वेळा गेलो आणि पाणी मागून परत आलो. म्हणून जोतीरामाच्या पुढच्या पत्रात एवढं घाल. शब्द माझे आहेत, भाषा तुझी कर:

‘आई, आबांना सगळं ठाऊक आहे. चैत्रापासून ठाऊक आहे. चुलीच्या धुराचं निमित्त करून तू एकटी रडतेस, ते आता बंद कर. ते सोप्यात डाव्या अंगाला जागा सोडून बसतात, ती तुझ्यासाठी असते. तिथं जाऊन बस आणि काय रडायचं ते दोघं मिळून रडा. पुढं कधी ते विसरले तर विसरू देत, त्यांना सांगू नकोस. आज एकदा बरोबर बसलात, तेवढं मला पुरे आहे. माझी पत्रं येत राहतील. तुझा जोती.’

ठिकाणाचं नाव घालू नकोस. हळदीचा वास राहू दे.

पंचमीला येशील तेव्हा हे पत्र घेऊन ये आणि तूच वाच. मानसिंगला वाचायला देऊ नको. त्याला मधेच खोकला येतो, आणि तो धुराचा नाही हे मला तीन महिने कळतं आहे.

शेवग्याला शेंगा आता नाहीत. तू येशील तेव्हा मी तुला नावानं हाक मारीन. एखादे वेळी चुकलोच, तर तू मला हाक मार.

कळावे. लोभ होता, आहे. विसरलो तरी तो राहील, असं समजून असावे.

तुझा बाप,
नाथाजी
हवालदार, पेन्शनर